मिनेसोटातल्या स्नोमोबाइल क्लबात ट्रेलचं काम कसं चालतं: नव्या स्वयंसेवकांसाठी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्नोमोबाइलचे, म्हणजे बर्फावर पट्ट्यानं पळणाऱ्या छोट्या गाड्यांचे, सुमारे २२,००० मैल ट्रेल आहेत. त्यातले बहुतेक ट्रेल गावोगावचे स्वयंसेवी क्लब सांभाळतात. क्लबात शेतकरी असतात, गॅरेजवाले असतात, शिक्षक असतात, निवृत्त झालेले ट्रकचालक असतात. पगार कुणालाच नाही. शुद्ध श्रमदान. काही मोठे ट्रेल राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे, म्हणजे डीएनआरकडे आहेत. डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत जाणारा १४६ मैलांचा नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल हा त्यातलाच. पण तुम्ही शनिवारी सकाळी एखाद्या गावातून निघून शेतं, जंगलं आणि ओढे ओलांडत दुसऱ्या गावातल्या कॅफेपर्यंत जाता, तो रस्ता जवळजवळ नक्कीच कुठल्या तरी क्लबाच्या माणसांनी स्वतःच्या सुट्टीत तयार केलेला असतो.

ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉलमध्ये, मराठी मंडळी बरीच आहेत. त्यातली काही हिवाळ्यात उत्तरेला जाऊन स्लेड (स्नोमोबाइललाच इथे स्लेड म्हणतात) भाड्यानं घेतात, मग एखाद्याला चटक लागते आणि तो स्वतःची स्लेड घेतो. त्यापुढची पायरी क्लबात नाव घालण्याची. ज्यांच्या मनात ते आहे त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. माझा पहिला सल्ला असा: क्लबात जानेवारीत जाऊ नका, सप्टेंबरात जा. जानेवारीत ग्रूमर, म्हणजे ट्रेलवरचा बर्फ सपाट करणारं यंत्र, फिरताना दिसतो, म्हणून तेच खरं काम वाटतं. प्रत्यक्षात ट्रेल चांगला निघणार की नाही हे बर्फ पडायच्या आधीच ठरलेलं असतं.

पैसा कुठून येतो

हे थोडक्यात समजून घ्या, कारण पहिल्याच मीटिंगमध्ये त्यावर चर्चा चालू असेल. राज्याची ‘ग्रँट-इन-एड’ नावाची योजना आहे. स्लेडची नोंदणी, बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांचे ट्रेल स्टिकर आणि पेट्रोलवरच्या कराचा एक छोटा हिस्सा यातून तिचा निधी उभा राहतो. क्लबाला पैसे थेट मिळत नाहीत. मधे काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) किंवा गावाचं प्रशासन प्रायोजक म्हणून उभं राहतं आणि काम ठरलेल्या टप्प्यांपर्यंत पोचलं की हप्ते सुटतात. ट्रेल तयार केला, पाट्या लावल्या, ग्रूमिंग केलं, याची नोंद द्यावी लागते. म्हणून वहीत किंवा अॅपमध्ये तास लिहायला सांगतील तेव्हा टाळाटाळ करू नका. कुणी, कुठे, किती वेळ काम केलं हे कागदावर नसेल तर क्लबाच्या हातात काहीच राहत नाही. शिवाय पूल वगैरे मोठ्या कामासाठी केंद्राच्या ‘रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम’कडे अर्ज केला, तर स्थानिक वाटा दाखवावा लागतो. तिथेही या नोंदी उपयोगी पडतात.

अनुदानात सगळं भागत नाही. ग्रूमर महाग, त्याचं डिझेल महाग, दुरुस्ती त्याहून महाग. म्हणून क्लब पॅनकेकची न्याहारी ठेवतात, सोडत काढतात, गावातल्या दुकानदारांकडून वर्गणी घेतात. तिथे वाढपी म्हणून उभं राहणं हेही ट्रेलचंच काम आहे.

पहिली पायरी: जमीनमालक

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. राज्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला ट्रेलची बरीचशी लांबी खाजगी शेतांतून जाते. शेतकऱ्याला त्यासाठी भाडं मिळत नाही. तो केवळ हो म्हणतो म्हणून ट्रेल आहे. मधल्या एकानं नाही म्हटलं की दोन गावांमधला दुवा तुटतो. मग शेजारच्या शेतातून वळसा काढता येतो का ते बघायचं, नाहीतर रस्त्याकडेच्या चरातून ट्रेल न्यायचा. तोही नाही जमला तर त्या वर्षी तो ट्रेल नकाशावरून जातो.

शेतकऱ्याची पहिली काळजी असते, ‘माझ्या जमिनीत कुणी पडला आणि कोर्टात गेला तर?’ याचं उत्तर तुम्हाला यायला हवं. मिनेसोटाचा करमणुकीसाठी जमीन वापरू देण्याचा कायदा, म्हणजे राज्याच्या कायद्यांचं प्रकरण ६०४ए, पैसे न घेता जमीन खुली करणाऱ्या मालकाला मोठं संरक्षण देतो. त्याच्या जोडीला क्लबाचा विमा असतो. हे सांगताना वकिलाचा आव आणू नका. कायद्याची प्रत क्लबाच्या फाइलमध्ये असते, ती द्या आणि त्याला निवांत वाचू द्या.

दुसरी काळजी पिकाची असते. अल्फाल्फाच्या, म्हणजे गुरांच्या चाऱ्याच्या, शेतात बर्फ दाबला गेला की खाली थंडी जास्त शिरते, बर्फाचा कडक थर बसतो आणि वसंतात तेवढ्या पट्ट्यात पीक मार खातं. म्हणून शेतकरी म्हणाला की यंदा या तुकड्यात अल्फाल्फा आहे, ट्रेल बांधाकडून न्या, तर हुज्जत घालायची नाही. बांधाकडून न्यायचा. मका आणि सोयाबीन निघाल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचं नाही. काही वर्षी ओल्या शरदामुळे मका नोव्हेंबर संपत आला तरी उभा असतो. तेव्हा क्लबानं थांबायचं असतं.

नव्या माणसाला एकट्याला मालकाकडे पाठवत नाहीत. ज्याची जुनी ओळख आहे त्याच्याबरोबर जायचं आणि बहुतेक वेळ ऐकायचं. कागद शेवटी निघतो. आधी पाऊस, भाव, नवं कंबाइन, मुलगी कॉलेजात कुठे गेली, हे सगळं होतं. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं बोलून झाल्यावर एकच तक्रार केली होती: गेल्या वर्षी त्याच्या फाटकाची साखळी उलट्या बाजूनं अडकवलेली होती आणि हातमोजे काढल्याशिवाय ती निघत नव्हती. आमच्याबरोबरच्या जुन्या सभासदानं तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं आणि परत जाताना फाटकाशी थांबून नवा आकडा लावून दिला. सही त्याच संध्याकाळी मिळाली. असल्या बारीक गोष्टी लक्षात ठेवणारा माणूस क्लबाला दहा चेनसॉपेक्षा जास्त कामाचा असतो.

मालकाकडून आल्यावर लगेच लिहून ठेवा: फाटक कुठलं, कुत्रा मोकळा असतो का, कुठून वळायला त्याची हरकत आहे, फोन कुणाला करायचा. परवानगी ठरावीक काळापुरतीच असते. ग्रँट-इन-एडचे ट्रेल १ डिसेंबर ते १ एप्रिल एवढेच खुले ठेवता येतात, त्याचं मोठं कारण हेच.

दुसरी पायरी: झाडझुडूप

ऑगस्टच्या अखेरीपासून साफसफाई सुरू होते. जिथून ग्रूमर जाणार तिथे त्याच्या केबिनच्या उंचीला आणि मागे ओढायच्या चौकटीच्या, म्हणजे ड्रॅगच्या, रुंदीला पुरेल एवढी मोकळी जागा लागते. ड्रॅग आठ ते दहा फूट रुंद असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं जास्तच साफ करायचं. आणखी एक हिशेब नवा माणूस हमखास विसरतो. आज तुम्ही जमिनीवर उभे आहात, फेब्रुवारीत तुमच्या पायाखाली दोन फूट बर्फ असेल. आज डोक्यावर असलेली फांदी तेव्हा थेट तोंडावर येईल. शिवाय ओल्या बर्फाच्या भारानं फांद्या खाली झुकतात. तेव्हा वर बघून छाटा.

फांदी खोडापाशी नीट कापा, टोकदार खुंट ठेवू नका. जमिनीलगतचं झुडूप कापताना तिरका काप देऊ नका. तिरके कापलेले खुंट भाल्यासारखे उभे राहतात आणि कमी बर्फात स्लेडच्या पोटाला किंवा पडलेल्या माणसाला लागतात. सपाट आणि जमिनीच्या जितकं जवळ जमेल तितकं कापायचं.

झाडांची ओळख करून घ्या, कारण काही नियम झाडांप्रमाणे बदलतात. ओकला एप्रिल ते जुलै या काळात कापू नये. ताज्या जखमेवर येणारे किडे ओक विल्ट नावाचा रोग पसरवतात आणि एका फांदीच्या घाईत मालकाची ओकांची अख्खी राई जाऊ शकते. अॅश झाडांचं दुखणं वेगळं. एमराल्ड अॅश बोरर हा किडा मिनेसोटात २००९ मध्ये सेंट पॉलमध्ये पहिल्यांदा सापडला, आणि आता मेलेले अॅश ट्रेलवर कोसळणं हे नित्याचं झालं आहे. वाळलेला अॅश ठिसूळ होतो. कापताना वरून फांद्या सुटून पडतात. ते नव्या माणसानं हात लावायचं झाड नव्हे. आणि त्याचं लाकूड सरपण म्हणून गाडीत घालून दुसऱ्या काउंटीत नेऊ नका, किडा त्यातूनच प्रवास करतो.

चेनसॉ हातात घ्यायचा असेल तर आधी शिका. हेल्मेट, जाळी, कानाला मफ, पायाला चॅप्स (करवत अडवणारं जाड आवरण), पक्के बूट, यातलं एकही नसेल तर त्या दिवशी फांद्या ओढायचं काम घ्या. तेही तितकंच लागतं. एकट्यानं चेनसॉ कधीच चालवायचा नाही. वादळानंतर वाकून ताणात अडकलेली कोवळी झाडं आणि दुसऱ्या झाडावर टेकून राहिलेली झाडं जुन्या माणसांसाठी सोडा.

उन्हाळ्याच्या शेवटी रानात जंगली पार्सनिप असतो. पिवळ्या छत्रीसारख्या फुलांचं हे उंच झुडूप कापताना त्याचा रस कातडीवर उडाला आणि वर ऊन लागलं, तर भाजल्यासारखे फोड येतात. म्हणून लांब बाह्या आणि हातमोजे घालायचे, गरम होत असलं तरी. घरी आल्यावर अंगभर गोचीड तपासा. इथल्या डिअर टिकमुळे लाइम रोग होतो. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंदुकीनं हरणांची शिकार सुरू होते, त्या दिवसांत बहुतेक क्लब रानातलं काम थांबवतात. जावंच लागलं तर अंगात झगझगीत केशरी जाकीट हवंच.

तिसरी पायरी: पाणी

ट्रेल खराब होण्यामागे नव्वद टक्के वेळा पाणी असतं, असं जुने सभासद म्हणतात. आकडा शास्त्रशुद्ध नाही, पण म्हणणं खरं आहे. दलदलीच्या कडेला, ओढ्यावर, उताराच्या पायथ्याशी, जिथे पाणी साठतं तिथे शरदात जाऊन बघायचं. मोरी पानांनी बुजली असेल तर साफ करायची. पुलाच्या फळ्या पायानं एकेक दाबून बघायच्या, खिळे वर आलेत का, कठडा हलतो का, दोन्ही टोकांची माती खचली आहे का हे तपासायचं. पुलाच्या टोकाशी माती खचून सहा इंचाची पायरी झाली तर दिवसा ती दिसते. रात्री ताशी चाळीस मैलांनी येणाऱ्याला ती आदळल्यावरच कळते.

बीव्हर, म्हणजे झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी, हा स्वतंत्र विषय आहे. एका आठवड्यात तो ओढा अडवतो आणि ट्रेलचा तुकडा तळ्यात जातो. बांध फोडला तर काही रात्रींत तो पुन्हा बांधतो. त्यामुळे फोडाफोडी करण्याआधी क्लबातल्या जाणत्यांना आणि डीएनआरला विचारा. पाणी विशिष्ट पातळीला काढून देणारा पाइप बसवणं किंवा ट्रेलच थोडा वर हलवणं हे बहुतेक वेळा जास्त टिकतं. पाणथळ जागेत भराव टाकणं, ओढ्यात मोरी घालणं, नवा पूल टाकणं यांना परवाने लागतात. मिनेसोटाचा पाणथळ संवर्धन कायदा १९९१ चा आहे आणि तो क्लबालाही लागू आहे. ‘एक ट्रक मुरूम टाकला की झालं’ असं कुणी म्हणालं तर त्या ट्रकच्या आधी काउंटीला फोन जायला हवा.

चौथी पायरी: पाट्या

पीक निघालं की पाट्यांचं काम. केशरी चौकोन, एका कोपऱ्यावर उभा केलेला, म्हणजे तुम्ही ट्रेलवरच आहात. पिवळ्या पाट्या धोक्याच्या: वळण, पूल, उतार. लाल अष्टकोन म्हणजे थांबा. डीएनआरचे पाट्यांचे ठरलेले नियम आहेत, त्याबाहेर स्वतःची कलाकारी करू नये.

खांब रोवताना तीन गोष्टी. एक, खांब ड्रॅगच्या रुंदीबाहेर हवा, नाहीतर ग्रूमर पहिल्याच फेरीत तो मोडतो. दोन, बर्फाची उंची धरून पाटी वर लावा. तीन, खोदायच्या आधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या नळ्या आणि केबल दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करून ठेवा, कामाच्या निदान दोन कामकाजाचे दिवस आधी. रस्त्याकडेच्या चरात गॅसची नळी किंवा फायबरची केबल नेमकी तिथेच असते.

एक सवय लावून घ्या: पाटी लावल्यावर दोन्ही दिशांनी चालत जाऊन बघा, आणि शक्य असेल तर अंधार पडल्यावर टॉर्च मारून बघा. दिवसा छान दिसणारी पाटी रात्री एखाद्या फांदीमागे लपते. वळणाची पाटी वळणावर लावून उपयोग नाही, ती वेग कमी करायला वेळ मिळेल इतकी आधी हवी.

पाट्या जास्त लावण्याचा मोह आवरा. दर पन्नास फुटांवर पिवळी पाटी दिसली की डोळे त्या पाट्या वाचायचं सोडतात, आणि खरा धोका असलेली पाटीही मग त्यातच जाते. नव्या उत्साहात मंडळी पाट्या वाढवतात, जुने सभासद त्या काढतात. या बाबतीत मी जुन्यांच्या बाजूनं आहे.

मोकळ्या शेतात मात्र हात आखडू नका. हिमवादळात शेत आणि आकाश एक होतं, तिथे एका खांबाशी उभं राहून पुढचा खांब दिसलाच पाहिजे.

पाचवी पायरी: पहिला बर्फ

पहिला चांगला बर्फ पडला की स्लेड काढायची घाई सगळ्यांनाच होते. क्लबाचं काम त्या वेळी वेगळं असतं. बर्फ हा उष्णता अडवणारा थर आहे. दलदलीवर जाड आणि भुसभुशीत बर्फ पडला की खालचा चिखल गोठत नाही, बाहेर कितीही थंडी असली तरी. म्हणून थोडा बर्फ असतानाच हलक्या स्लेडवरून किंवा लहान रोलर ओढून तो दाबून टाकतात. दाबलेल्या बर्फातून थंडी खाली उतरते, जमीन गोठते आणि दोन आठवड्यांनी कित्येक टनांचा ग्रूमर त्यावरून जाऊ शकतो. हे काम वेळेत झालं नाही तर ग्रूमर चिखलात रुततो. रुतलेला ग्रूमर बाहेर काढण्यात अख्खा दिवस आणि क्लबाची बरीच शिल्लक जाते.

याच दिवसांत कुलपं लावलेली फाटकं उघडायची नसतात. जमीन गोठलेली नसताना चार उतावीळ स्लेड शेतातून गेल्या की चाकोऱ्या पडतात, आणि पुढच्या वर्षी तो शेतकरी सही देत नाही.

सहावी पायरी: ग्रूमिंग

आता यंत्राकडे. पुढे ट्रॅक्टर किंवा पट्ट्यांवर चालणारं यंत्र असतं. टकर स्नो-कॅट, पिस्टनबुली ही नावं कानावर येतील, आणि रबरी पट्टे बसवलेले साधे शेतीचे ट्रॅक्टरही खूप दिसतात. मागे लांब ड्रॅग. ज्यांनी गावाकडे शेती पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल: कुळव मारून ढेकळं फोडायची आणि मागून मैंद फिरवून सपाट करायचं, तसंच. ड्रॅगच्या पुढच्या भागातली पाती बर्फ कापतात, मधल्या जागेत तो बर्फ गोल गोल फिरून फुटतो आणि मिसळतो, आणि मागचा सपाट तवा तो दाबून बसवतो.

खडबडीत लाटा का तयार होतात हे आधी कळलं पाहिजे. स्लेड वेग घेते तेव्हा तिचा पट्टा मागे बर्फ फेकतो, ब्रेक मारते तेव्हा पुढे ढकलतो. म्हणून लाटांची सुरुवात थांब्यापाशी, वळणाला आणि चढावर होते. एक खळगा पडला की पुढची प्रत्येक स्लेड त्यात आपटून पुढचा खळगा खोल करते. शनिवारच्या गर्दीत सकाळी गुळगुळीत असलेला ट्रेल संध्याकाळी हाडं खिळखिळी करतो.

नवा चालक इथे एक चूक करतो. तो लाटांची फक्त डोकी तासतो आणि ती भुकटी खळग्यांत भरतो. दिसायला ट्रेल सपाट दिसतो. दहा स्लेड गेल्या की भुकटी उडून जाते आणि तेच खळगे परत वर येतात, कारण खालचा घट्ट बर्फ अजून लाटांच्याच आकारात असतो. पाती खळग्याच्या तळापर्यंत जायला हवीत. त्याच वेळी ती मातीला लागता कामा नयेत. माती बर्फात मिसळली की तो काळपट होतो, ऊन शोषतो आणि तो तुकडा सगळ्यात आधी वितळतो. एक हात पात्यांच्या लिव्हरवर आणि नजर आरशात, असं ते काम आहे. ड्रॅगमध्ये बर्फ अर्ध्यापर्यंत भरलेला फिरत असेल तर बरोबर चाललं आहे. रिकामा असेल तर पाती वर आहेत. कडेनं बर्फ ओसंडत असेल तर खूप खाली आहेत.

वेग ताशी पाच ते दहा मैल, त्याहून जास्त नाही. वेगात ड्रॅग उड्या मारतो आणि स्वतःच लाटा तयार करतो. म्हणजे तीस मैलांचा तुकडा एका बाजूनं जायलाच चार-पाच तास. म्हणूनच थर्मास आणि डबा घेतल्याशिवाय कुणी निघत नाही.

काम रात्री का करतात? एक तर गर्दी नसते. पण खरं कारण बर्फाच्या स्वभावात आहे. पात्यांनी फोडलेले कण एकमेकांना चिकटून घट्ट व्हायला वेळ आणि उतरतं तापमान लागतं. कमीत कमी दोन तास, बऱ्याचदा सहा ते दहा. संध्याकाळी पारा उतरू लागला की ग्रूमिंग करावं आणि पहाटेपर्यंत कुणी त्यावरून जाऊ नये, हा आदर्श. दुपारी ग्रूमिंग करून मागोमाग पन्नास स्लेड गेल्या तर डिझेल वाया गेलं. तापमान शून्य सेल्सियसच्या वर असेल आणि बर्फ पाणीदार झाला असेल तर थांबायचं, नाहीतर रात्री त्याची काच होते. अगदी कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा आणि भुरभुरीत असतो, तो बसायला जास्त वेळ घेतो. कधी निघायचं हे ठरवणं ही या कामातली सगळ्यात मोठी अक्कल आहे, आणि ती जुन्या चालकाशेजारच्या सीटवर बसूनच येते. नव्या माणसानं पहिला हिवाळा त्या सीटवर घालवावा. आरसे बघावेत, फाटकं उघडावीत, अडकलेली फांदी काढावी.

स्लेडवर असताना ग्रूमर समोरून आला तर कडेला थांबा आणि त्याला जाऊ द्या. त्याला बाजूला सरायला जागा नसते. चालकानंही चढाच्या माथ्यापलीकडे किंवा आंधळ्या वळणावर यंत्र उभं करायचं नसतं, आणि वरचा चमकता दिवा कायम चालू ठेवायचा.

तलाव

तलावांवरचा रस्ता क्लब खांबांनी किंवा फांद्यांनी आखतो, पण बऱ्याच क्लबांचा ग्रूमर तलावावर जातच नाही. स्लेडसाठी डीएनआर नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी ५ ते ७ इंच सांगतं. पांढरा, बर्फ आणि पाणी मिसळून झालेला थर कमकुवत असतो, तिथे याच्या दुप्पट धरायची. जाडी भोक पाडून मोजतात, अंदाजानं नाही. ओढा जिथे तलावात येतो, जिथे झरे आहेत, पुलाच्या खाली, तिथे बर्फ भर जानेवारीतही पातळ असतो. आखणी करणाऱ्या जोडीत किमान एकजण तो तलाव लहानपणापासून ओळखणारा असावा.

बंद ठेवणं

२०२३–२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदीतला सगळ्यात उबदार होता. अनेक क्लबांचे ट्रेल त्या वर्षी धड उघडलेच नाहीत. सगळी साफसफाई, सगळ्या सह्या, सगळ्या पाट्या झालेल्या होत्या. लोक फोन करून विचारायचे, ‘थोडा तरी बर्फ आहे ना, उघडा की.’ अशा वेळी नाही म्हणणं जड जातं. पण उघडी माती आणि चार बोटं बर्फ यावर ट्रेल उघडला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि स्लेडचंही. इंजिन थंड ठेवायला आणि पट्ट्याखालच्या सरकपट्ट्यांना बर्फच लागतो, तो नसेल तर स्लेड तापते. तुमच्या ओळखीतल्या मित्रांना ट्रेलची परिस्थिती खरी सांगणं हे तुमच्या हातातलं काम आहे. क्लबाच्या नकाशावर ट्रेल बंद दिसत असेल तर तो बंद आहे.

ट्रेल सुधारायचा असेल तर

दरवर्षी वसंतात क्लब एक यादी करतो: कुठे अपघात होता होता वाचला, कुठे ग्रूमर अडकला, कुठला मालक नाराज आहे. सुधारणा या यादीतून निघतात. आंधळ्या वळणाची आतली झुडपं कापून नजर मोकळी करणं स्वस्त आणि लगेच होणारं काम आहे. रस्त्याकडेच्या चरातला तुकडा रानातून नेणं जास्त चांगलं, पण त्याला दोन-तीन नव्या मालकांचा होकार लागतो आणि एक-दोन वर्षं जातात. चरातून जाणारा ट्रेल खडबडीत असतो, प्रत्येक घराच्या वाटेवर थांबावं लागतं. शिवाय कायद्यानं रात्री रस्त्याच्या उजव्या बाजूनं, गाड्यांच्या दिशेनंच जाता येतं. त्यामुळे चर सोडणारा प्रत्येक मैल मोलाचा.

जुनी रेल्वेलाइन मिळाली तर उत्तम, ती सपाट आणि सरळ असते. पण उन्हाळ्यात तिथे डांबरी सायकलमार्ग असेल तर खिळेवाले पट्टे चालत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. सायकलवाल्यांशी, स्कीवाल्यांशी बोलूनच आराखडा करा. एका पुलाचा खर्च दोन गटांत वाटला गेला की दोघांचंही काम होतं.

एप्रिल

ट्रेल बंद झाला की शेतातले सगळे खांब आणि पाट्या काढायच्या, आणि हे पेरणीच्या आधी. एक विसरलेला लोखंडी खांब प्लँटरच्या दातात गेला तर काय होईल हे सांगायला नको. खांब मोजून लावा, मोजून काढा. फाटकं पूर्वीसारखी करा. चाकोरी पडली असेल तर मालकानं म्हणायच्या आधी फावडं घेऊन जा. ड्रॅगची पाती धुऊन, धार लावून, ग्रीस करून ठेवा. मग मालकांसाठी जेवण ठेवतात, त्याला नक्की जा. तिथे वाढणाऱ्यांमध्ये उभं राहिलात तर पुढच्या शरदात त्यांच्या दारात तुमचा चेहरा नवा नसेल.

सुरुवात कशी करायची

तुमच्या काउंटीतला क्लब शोधा. ‘मिनेसोटा युनायटेड स्नोमोबिलर्स असोसिएशन’ ही राज्यभरातल्या क्लबांची संघटना आहे, तिच्याकडे यादी मिळते. ट्विन सिटीजमध्ये राहत असाल तर जिथे तुम्ही नेहमी स्लेड चालवता त्या गावाच्या क्लबात नाव घाला. तुम्ही मिनेसोटाचे रहिवासी असाल आणि तुमचा जन्म ३१ डिसेंबर १९७६ नंतरचा असेल, तर स्लेड चालवायला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र लागतं, ते आधी करून टाका. मीटिंग बहुतेक महिन्यातून एकदा, गावातल्या एखाद्या बारच्या मागच्या खोलीत किंवा क्लबहाउसमध्ये होते. तिथे नाव सांगा, शनिवारी कुठे काम आहे ते विचारा आणि ट्रेलचा कुठला तुकडा कुणाच्या जबाबदारीत आहे याचा नकाशा मागून घ्या. गाडीत हातमोजे, छाटणीची कात्री, जाड बूट, पाण्याची बाटली आणि केशरी जाकीट ठेवा. बाकीची हत्यारं क्लबाकडे असतात.